ओतण्याची वेळ

टायटॅनियम वितळवताना त्यातलं ॲल्युमिनियम उडून जातं, हे मी आईला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. मान वर न करता तिने विचारलं, "उडून म्हणजे? कावळ्यासारखं?"

आई बडोद्यातल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायची. त्यामुळे असले प्रश्न ती माहीत नाही म्हणून विचारत नाही, समोरच्याने नीट बोलावं म्हणून विचारते. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे आणि तरी दर वेळी माझं डोकं फिरतं.

"बाष्पीभवन होतं," मी म्हटलं.

"हां. मग तसं म्हण की."

मी धातूंची इंजिनिअर. बरीच वर्षं परदेशात काढली आणि बाबा गेल्यावर बडोद्याला परत आले. दांडिया बाजारात दुसऱ्या मजल्यावर आमचं घर आहे, खाली शिवणाच्या सामानाचं दुकान, समोर देऊळ. आईला एकटं ठेवायचं नव्हतं, हे खरं कारण. ते मी तिला सांगितलं असतं तर तिने मला आल्या पावली परत पाठवलं असतं, म्हणून मी सांगितलं की इथे चांगली नोकरी मिळतेय. नशिबाने ती खरोखरच मिळाली. मकरपुऱ्याच्या पुढे एका शेठनी टायटॅनियम वितळवायची जुनी परदेशी भट्टी विकत घेतली होती आणि तिच्याशी जमवून घेणारं माणूस त्यांना हवं होतं. माझ्या कामाची अशी भट्टी बडोद्यात दुसरी नव्हती. ती चालली तर मी घरी राहणार आणि बंद पडली तर मला पुन्हा बॅगा भरायला लागणार, इतका सरळ हिशेब होता. आईलाही तो पहिल्या दिवसापासून माहीत होता.

भट्टी म्हटलं की लोकांना जाळ आणि धूर आठवतो. आमच्या भट्टीत जाळ नाही, धूर नाही, हवासुद्धा नाही. जाड पोलादी भिंतींची एक खोली, आपल्या न्हाणीघराएवढी. पंप लावून तिच्यातली हवा उपसून काढायची, कारण तापलेलं टायटॅनियम हवेतला ऑक्सिजन खातं आणि ठिसूळ होतं. वर छताला इलेक्ट्रॉनची बंदूक, खाली पाण्याने थंड ठेवलेली तांब्याची मूस. मुशीत माल भरायचा, बंदुकीचा झोत त्याच्यावरून फिरवायचा, की राखाडी ढेकळांचं हळूहळू एक पांढरं तळं होतं. मग मूस कलती करून ते तळं साच्यात ओतायचं. निवलं की हाताशी येते ती लगड.

भानगड एवढीच की हवा काढून टाकली की ॲल्युमिनियमच्या डोक्यावर कुणी राहत नाही. टायटॅनियम निमूटपणे मुशीत बसून राहतं, सोबतचं व्हॅनेडियमही फारसं हलत नाही. ॲल्युमिनियम मात्र वाफ होऊन निघतं आणि भट्टीच्या थंड भिंतींवर जाऊन चिकटतं. दरवाजा उघडला की आत चंदेरी पापुद्रे धरलेले दिसतात. ते जपून खरवडायला लागतात, कारण घाई केली तर पेट घेतात. आमची लगड जायची ती हाडं जोडायच्या पट्ट्या आणि खुब्याचे सांधे करणाऱ्या लोकांकडे. त्यांना शंभरात सहा भाग ॲल्युमिनियम हवं, थोडं इकडेतिकडे चालेल, पण थोडंच. कमी पडलं तर धातू हवा तितका बळकट होत नाही, जास्त झालं तर कडकपणाच्या नादात ठिसूळ होतो. कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईच्या खुब्यात तो जाणार असतो.

"मग आधीच जास्त घाला," आई म्हणाली. "सोनार घट धरतोच ना."

"धरतो गं आई. किती धरायची तेच कळत नाहीये."

"न कळायला काय झालं? बाष्पीभवन कशाकशावर अवलंबून?" तिने सुरी खाली ठेवली. शाळेत असताना ती मुलींच्या तळहातावर स्पिरिटचा थेंब टाकायची आणि तो उडेपर्यंत सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्यायची. मीही त्याच वर्गात बसलेली होते. उत्तरही मग तिनेच दिलं, "पृष्ठभाग, उष्णता, वेळ. तिन्ही मोज, म्हणजे कळेल."

मी तिला म्हटलं की अगं, मी यातच डॉक्टरेट केली आहे. ती म्हणाली, हो का, मग मोज.

आता काकांबद्दल सांगायला हवं. भट्टी चालवायचे ते काका, माझ्यापेक्षा पंधरावीस वर्षांनी मोठे, लहरीपुऱ्याच्या बाजूला राहणारे गुजराती गृहस्थ. मला बेन म्हणतात. माणूस इतका प्रेमळ की त्यांच्यावर रागावणं फार अवघड, आणि मी तर रोज रागावायचे. काका यंत्राला नमस्कार करून बटण दाबतात, यंत्र बंद करताना त्याचे आभार मानतात. मी आठवड्यातून दोनतीनदा डबा घरी विसरते. काकांचा रस्ता आमच्या घरावरूनच जातो, म्हणून आई त्यांना फोन करायची, ते स्कूटर खाली लावून वर यायचे, चहा घ्यायचे आणि डबा आणायचे. आईचं गुजराती तिच्या मराठीसारखंच ताठ आहे, काकांचं मराठी त्यांच्या गुजरातीइतकंच मऊ. दोघं काय बोलत असतील याचा मी कधी विचारच केला नाही. माझ्या भुकेपलीकडे त्यांना काही विषय असेल असं मला वाटलं नव्हतं.

गिऱ्हाइकाने आधी चाचणीच्या लगडी मागितल्या होत्या. त्यांतली एक जरी अचूक निघाली तरी पुढचं काम आमचं, आणि शेठचा जीव भांड्यात.

पहिली लगड मी पुस्तकी अंदाजाने केली. जरा ॲल्युमिनियम वाढवून घातलं. तपासणीत कमी भरलं, फार नाही, पण कमी. ठीक आहे, पहिलीच खेप, असं सगळे म्हणाले. दुसऱ्या वेळी मी जास्त ॲल्युमिनियम घातलं आणि ते पहिल्यापेक्षाही कमी भरलं. जास्त घातल्यावर कमी! मी तपासणीवाल्यांशी भांडले, पुन्हा तपासायला लावलं, तेच आलं. भट्टीच्या भिंतींवर मात्र या वेळी पापुद्रे चांगले जाड होते, म्हणजे माल तिकडे गेला होता यात शंका नव्हती. तिसऱ्या वेळी मी हात सैल सोडून घातलं, तर लगड ठिसूळ होण्याइतकं जास्त भरलं. तीन लगडी, तीन तऱ्हा, आणि मधे कसलाही मेळ नाही.

वितळायला दुसऱ्या खेपेला फार वेळ लागला होता, हे मला दिसलं होतं. मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "माल धीमो हतो, बेन." माल हळू वितळला. मला ते पटलं, कारण बंदूक जुनी होती. मी शेठच्या मागे लागून बंदुकीची तार बदलून घेतली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाले.

खरं तर माल वितळताना मी तिथे कधी नसायचेच. माल तोलून, मिसळून, मुशीत भरून दिला की मी मागच्या बाजूला माझ्या खोलीत जायचे, कारण नमुने घासायचे असायचे, शेठना तोंड द्यायचं असायचं. ओतायची वेळ आली की काका फोन करायचे, "बेन, आवो," आणि मी धावत यायचे. ओतणं तेवढं मी पाहायचे. पाहण्यासारखं तेच असतं.

तिसऱ्या लगडीनंतर शेठनी मला बोलावलं. शेठ वाईट माणूस नाही. त्यांनी आधी चहा मागवला, माझ्या आईची तब्येत विचारली, मग म्हणाले की अजून एक खेप करू, नाही जमलं तर भट्टी विकून टाकीन, हैदराबादकडचा एक जण विचारतोय. बोलताना ते माझ्याकडे न बघता कपाकडे बघत होते.

त्याच सुमारास परदेशातल्या माझ्या जुन्या कंपनीतून निरोप आला की जागा आहे, येतेस का. मी संध्याकाळी तो आईला सांगितला. ती पोळ्या लाटत होती.

"मग जा ना," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी काय लहान आहे? खाली दुकान आहे, समोर देऊळ आहे, फोन केला की दूध येतं. माझ्यासाठी म्हणून इथे बसू नकोस हं, मला असल्या त्यागाचा भयंकर कंटाळा येतो." तिने पोळी तव्यावर टाकली. "तिकडे लोकर नीट बघून घे. मागच्या वेळी घेतलीस ती टोचायची."

मला वाईट वाटलं. म्हणजे तशी ती बोलणार हे मला माहीत होतं. पहिल्यांदा मी घर सोडून शिकायला निघाले, तेव्हा तिने मुद्दाम अमावास्येचं तिकीट काढलं होतं. शेजारच्या मावशी हाय हाय करत आल्या, तर त्यांना म्हणाली, रेल्वेला तिथी कळत नाही आणि मलाही. स्टेशनावर ती रडली नाही, फक्त पाण्याची बाटली नीट बंद आहे का ते दोनदा बघितलं. माझ्या आईने कधी मुहूर्त पाहिला नाही, राहुकाळ मानला नाही. बाबा ते सगळं मानायचे, पण तिच्यापुढे त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. तेव्हा ती थांब म्हणेल अशी आशा करणं माझाच वेडेपणा होता. तरी मी ती करत होते. पोळी फुगली, तिने ती माझ्या ताटात टाकली आणि विषय संपला.

चौथ्या खेपेला मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी भट्टीसमोर स्टूल घेऊन बसले. सुरुवातीपासून. काका जरा अस्वस्थ झाले. "बेन, तुम्ही जा, हुं फोन करीश," असं दोनदा म्हणाले. मी हलले नाही.

भट्टीला एक जाड काचेची खिडकी आहे. माल सकाळी झोताखाली वितळायला लागला, कडेची ढेकळं एकेक करून खचली, आणि नव्या तारेने खरंच छान काम केलं. बघता बघता सगळं तळं झालं, एकसारखं, वर झोत फिरत असलेला. आता मूस कलती करायची. मी काकांकडे पाहिलं. काका घड्याळाकडे पाहत होते. मी वाट पाहिली. काकांनी रुमालाने कपाळ पुसलं, एक फेरी मारली, आणि पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. खिडकीच्या काचेवर चंदेरी साय धरायला लागली होती. ते माझं ॲल्युमिनियम होतं.

"काका, काय राहिलंय?"

"थोडी वार, बेन."

"कशाची? सगळं वितळलंय ना?"

काकांनी बुटांकडे पाहिलं. "हजी काळ चाले छे," ते म्हणाले. "शुभ बेसे एटले रेडीए."

मला कळायला क्षणभर लागला. बडोद्यात राहून चोघडिया माहीत नसणं शक्य नाही. दिवसाचे आठ भाग, कुणी शुभ, कुणी अमृत, कुणी लाभ, कुणी रोग, कुणी काळ. दुकान उघडायचं, गाडी घ्यायची, सौदा करायचा तो चांगला भाग बघून. काका म्हणत होते की आत्ता काळ चालू आहे, शुभ सुरू झालं की ओतू. वितळलेला धातू निर्वात पोकळीत, झोताखाली, उघड्या तोंडाने उकळत बसला होता आणि आम्ही शुभाची वाट पाहत होतो.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मराठीत सुरू केलं, मधे हिंदी आली आणि शेवट गुजरातीत झाला. काका ऐकून घेत होते. मी दम घ्यायला थांबले तेव्हा ते हळूच म्हणाले, "बेन, तमारे माटेच." तुमच्यासाठीच.

पहिल्या वेळी त्यांनी असलं काही केलं नव्हतं. माल वितळला तसा ओतला होता. ती लगड बिघडल्यावर, बेनची नोकरी जाईल, बेन पुन्हा परदेशी जाईल, म्हणून त्यांनी दुसऱ्या वेळेपासून चांगल्या चोघडियात ओतायचं ठरवलं. दुसऱ्या वेळी नेमका काळ लागलेला होता, तो सरेपर्यंत एक जेवण होईल इतका वेळ ते थांबले होते. तिसऱ्या वेळी माल वितळला आणि लगेच अमृत सुरू झालं, म्हणून थांबावंच लागलं नाही. सगळा मेळ एका दमात बसला. दुसऱ्या वेळी ॲल्युमिनियम वाट बघून बघून उडून गेलं होतं, आणि तिसऱ्या वेळी मी त्या उडण्याची भरपाई करून बसले होते जे झालंच नाही.

मी काही बोलणार इतक्यात पॅनेलवर ठेवलेला काकांचा फोन वाजला. काका माझ्या ओरडण्याने इतके गांगरले होते की तो उचलायला त्यांचा हात पुढे झाला नाही. पडद्यावर नाव होतं, "बेननां बा". काकांच्या भाषेत बा म्हणजे आई. माझी आई. मला वाटलं, डबा. आज तो विसरले नव्हते, तरी वाटलं. मी फोन उचलून कानाला लावला.

"भाई," आईचा आवाज आला. वर्गात शिरताना यायचा तसा, खणखणीत. "हवे थोडी ज वार. पछी शुभ छे, बराबर जोयुं छे में. त्यां सुधी ओतता नहीं, हं. आ छेल्ली वार छे." आता थोडाच वेळ, मग शुभ आहे, तोवर ओतू नका, ही शेवटची खेप, असं ती सांगत होती. आणि मग जरा खाली उतरलेला आवाज, मराठीत, बहुधा स्वतःशीच, "होऊ दे रे बाबा या वेळी."

तिने फोन ठेवला. मीही तो पॅनेलवर ठेवला, आणि माझ्या हातातलं भांडणच गेलं. काका माझ्याकडे घाबरून बघत होते. नंतर कळलं की डबा न्यायला ते गेले असताना पहिल्या लगडीची गोष्ट त्यांनीच आईला सांगितली होती, चोघडियाचंही त्यांनीच काढलं होतं, आणि आई म्हणाली होती की मी बघून कळवत जाईन, तुम्ही फक्त तिला सांगू नका.

पण तळं वाट बघत होतं. आता मला डोकं चालवणं भाग होतं, कारण या खेपेला मी मागच्या गोंधळाची सरासरी धरून ॲल्युमिनियम घातलं होतं. वितळल्याबरोबर ओतलं असतं तर ते जास्त भरलं असतं, आणि शुभापर्यंत थांबलो तर कमी. मी काकांना विचारलं, पूर्ण वितळून किती वेळ झाला? दुसऱ्या वेळी किती थांबलात? काकांना एकेक मिनिट पाठ होतं, कारण ते सगळे वेळ त्यांनी घड्याळाकडे बघत आणि देवाचं नाव घेत काढले होते. पृष्ठभाग तोच, उष्णता तीच. मी हातावर पेनाने हिशेब मांडला, खोडला, पुन्हा मांडला.

"थांबा थोडं," मी म्हटलं.

काकांचा चेहरा उजळला. "शुभ सुधी?"

"नाही. मी सांगेपर्यंत."

आम्ही दोघं काचेला नाक लावून उभे राहिलो. साय दाट होत होती. माझा हात घामाने ओला होऊन हिशेब फिसकटला होता, पण आकडा लक्षात होता. माझा हिशेब चुकला तर त्याला आता चोघडियाही वाचवू शकणार नव्हतं.

"ओता."

"बेन, हजी काळ छे."

"असू दे काळ. ओता."

काकांनी डोळे मिटले, जय माताजी म्हटलं, डोळे उघडले आणि मूस कलती केली.

नमुना मी स्वतः फतेगंजला एका प्रयोगशाळेत घेऊन गेले. कुणावर विश्वास ठेवायची माझी तयारी नव्हती. काका सोबत आले, नको म्हटलं तरी. आत तपासणी चालू असताना ते बाहेर बाकावर बसून राहिले. निकाल हातात आल्यावर मी तो आधी वाचला, मग पुन्हा वाचला. ॲल्युमिनियम जिथे असायला हवं तिथे होतं. मी बाहेर आले आणि मान हलवली, तर काका रडायला लागले. मला रडणारी माणसं सहन होत नाहीत, म्हणून मी त्यांना कोपऱ्यावर सेव-उसळ खायला नेलं आणि वर तिखट रस्सा मागितला, म्हणजे माझ्या डोळ्यांतल्या पाण्याचं कारण सांगावं लागू नये.

घरी आले तेव्हा आई गॅसपाशी उभी होती. तिची पाठ माझ्याकडे होती.

"काय झालं?" तिने विचारलं, हवापाण्याचं विचारावं तसं.

"जमलं. लगड बरोबर निघाली."

डाव पातेल्यात ढवळत होता तो थांबला आणि पुन्हा फिरायला लागला. "छान," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "चूक कुठे होत होती ते कळलं का?"

मी ठरवून आले होते की काही सांगायचं नाही. पण तिने तो प्रश्न शिक्षिकेच्या आवाजात विचारला आणि मी शाळेतल्यासारखी उत्तर देऊन मोकळी झाले. "माल वितळल्यावर काका थांबायचे. चांगलं चोघडिया लागेपर्यंत."

"वितळल्यावर?"

"हो."

"म्हणजे तोवर ते वितळलेलं, तसंच तापत असायचं? झोताखाली?"

"हो."

आईने गॅस बंद केला. वळून माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा झालेला मी बाबा गेले तेव्हाही पाहिला नव्हता. "वेळ," ती म्हणाली. "अगं, तिसरं कारण वेळ. आणि मी मूर्खासारखी... मला वाटलं, ओतायची वेळ म्हणजे सुरू करायची वेळ. वाढायला घेतो तसं. माल बिचारा तिथे उकळत बसलाय हे माझ्या ध्यानातच आलं नाही." ती खुर्चीवर बसली. "मीच सांगत होते त्यांना."

"माहीत आहे. तू फोन केलास तो मी उचलला होता."

खाली दुकानाचं शटर कुणीतरी ओढून घेतलं.

"तू? चोघडिया?" मला हसू येत होतं. "मला अमावास्येला गाडीत बसवलंस तू."

"तेव्हा काय," आई म्हणाली. "तेव्हा तू जाणार हे ठरलेलंच होतं. घाबरायचं कशाला? या वेळी..." तिने पदराने खुर्चीच्या हातावरचं नसलेलं काहीतरी पुसलं. "या वेळी तू राहशील असं वाटायला लागलं होतं. मग भीती वाटायला लागली. त्या मोबाइलवर सगळं येतं हल्ली, दिवसभराचं. सहज बघायला घेतलं आणि मग सुटेना."

"मग मला म्हणायचंस ना, राहा म्हणून. मी विचारलं होतं तुला. तू मला लोकरीचं सांगत बसलीस."

"म्हटलं असतं तर राहिली असतीस तू."

"मग?"

"म्हणून तर नाही म्हटलं."

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं. असलं काही आमच्या घरात होत नाही, त्यामुळे आम्ही दोघी जरा अवघडून बसलो. मग तिने माझ्या हाताकडे पाहिलं. पेनाचा निळा डाग अजून तळहातावर होता. तिने तो बोटाने घासून पाहिला, निघाला नाही.

"जेवून घे," ती म्हणाली आणि उठली. ताट घेतलं, वाटी ठेवली. वाढता वाढता म्हणाली, "आणि काकांना सांग, मुहूर्त बघायचाच असेल तर झोत सुरू करायचा बघा. घट्ट माल कितीही थांबतो, त्यातून काही उडत नाही. एकदा वितळला की मग सरळ ओतायचा." तिने माझ्याकडे न बघता भाताची मूद पाडली. "उद्या सकाळी नऊनंतर शुभ आहे. मी बघून ठेवलंय."